उजेड लागलेली भुजली

दरवर्षी टोपल्या दोन असत. यंदा धनवंताने दुर्गेश्वरीच्या ओसरीवर तीन आणून ठेवल्या.

तिसरी कुणाची, असं दुर्गेश्वरीने विचारलं तेव्हा धनवंता पदराने मान पुसत होती. "टीनाची," ती म्हणाली. "यंदा तिच्यासंगं भुजली लावून राहिली मी."

दुर्गेश्वरी म्हणाली, "बरं." मग तिन्ही टोपल्या एकेक करून मागच्या कोठीत नेऊन ठेवल्या. ही कोठी तिच्या नवऱ्याची, चुन्नीलालची. त्याचं गावातच, कामठ्यात, बियाण्यांचं दुकान होतं आणि कोठीत पोती असत. खिडकी नव्हती, दार लावलं की भर दुपारी हाताला हात दिसत नसे. म्हणूनच भुजलीच्या टोपल्या इतकी वर्षं तिथेच वाढत आल्या होत्या.

राखीच्या आधी आठ-नऊ दिवस बायका बांबूच्या टोपलीत माती भरून गहू पेरतात. टोपली अंधारात ठेवायची, रोज हळदीचं पाणी शिंपडायचं. उजेड न दिसल्याने रोपं उंच, नाजूक आणि पिवळीधमक निघतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत टोपल्या डोक्यावरून तळ्यावर न्यायच्या, माती पाण्यात सोडायची आणि हातात उरलेली रोपं एकमेकींच्या कानावर खोवायची. ज्या दोघी अशी रोपं खोवतात त्या त्या दिवसापासून एकमेकींच्या भुजली. मग जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती "भुजली" अशीच.

दुर्गेश्वरी आणि धनवंता यांनी रोपं खोवली तेव्हा दोघी दहा वर्षांच्या होत्या. आता अठ्ठावन्न. धनवंता सातवीनंतर शाळेत गेली नाही, दुर्गेश्वरी गोंदियाला राहून एमएस्सी झाली आणि तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाली. पण गावातल्या गावात दोघींचंही लग्न झालं, दोघींचीही घरं हाकेच्या अंतरावर राहिली, आणि अठ्ठेचाळीस वर्षांत दोघींच्या तोंडून दुसरीचं नाव एकदाही निघालं नाही.

एका बाईला एकच भुजली असावी, असा नियम मात्र नव्हता. दुर्गेश्वरीने त्या दुपारी आठवून आठवून पाहिलं. शेजारच्या सुशिलाबाईंना दोन होत्या. पलीकडच्या आळीतल्या एकीला तीन. तक्रार करायला कुठे जागाच नव्हती.

टीना बिसेन जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमात समुपदेशक होती. वय एकोणतीस. दर सोमवारी ती गोंदियाहून स्कूटीने कामठ्याला येई, आरोग्य उपकेंद्रात बसे आणि कोणी बोलायला आलं तर ऐकून घेई. पहिले दोन महिने कोणीच आलं नाही. वेड लागल्याशिवाय तिथे जायचं नसतं, असा गावाचा समज होता. मग तिला कोणीतरी सांगितलं की धनवंताबाईंच्या घरी सोमवारी संध्याकाळी बायका डोळे मिटून बसतात, तिकडे जाऊन पाहा. ती गेली आणि तिथलीच झाली. धनवंताला ती मावशी म्हणू लागली. दुर्गेश्वरीला मात्र मॅडमच म्हणत राहिली.

ही डोळे मिटून बसण्याची गोष्ट सुरू झाली त्याला दोन वर्षं झाली होती. त्याआधी वर्षभर धनवंता एकटीच होती. नवरा मुन्नालाल बांधावरच छातीत कळ येऊन गेला. मुलगी बालाघाटला दिलेली. त्या वर्षात दुर्गेश्वरी कॉलेजवरून परतली की आधी भुजलीकडे जाई, मग घरी. डब्यात भाजी नेई, कधी नुसतं बसून राही. धनवंता रडे, ती पाठीवरून हात फिरवी. चुन्नीलाल चेष्टेने म्हणे, "तुझं सासर आता तिकडं झालं का?" त्याला चहा गार मिळे, पण बायकोचा चेहरा उजळलेला दिसे, हेही त्याने एकदा बोलून दाखवलं होतं. दुर्गेश्वरीने तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

मग मुलीने धनवंताला नागपूरजवळच्या एका केंद्रात दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला पाठवलं. बुद्धाने शिकवलेलं ध्यान, फुकट, जेवणखाण तिथेच. दुर्गेश्वरीने विरोध केला होता. दुःखात बुडालेल्या बाईला दहा दिवस कोणाशी बोलू न देणं हे शास्त्राला धरून नाही, असं तिचं म्हणणं. अकराव्या दिवशी ती बसस्टँडवर घ्यायला गेली. धनवंता उतरली, थोडी वाळलेली, आणि म्हणाली, "भूक लागून राहिली मले. समोसा खाऊ चल."

त्या दिवसानंतर ती रडली नाही. पहाटे उठून बसे, मग शेतावर जाई. संध्याकाळी दुर्गेश्वरी डबा घेऊन गेली तर घरात स्वयंपाक झालेला असे. ती एकटी राहत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मग शेजारपाजारच्या बायका येऊन बसू लागल्या, आणि सोमवारी तिच्या ओसरीवर पंधरा-सोळा जणी जमू लागल्या.

दुर्गेश्वरी दोनदा जाऊन बसली होती. धनवंता बायकांना काही समजावताना हातातल्या कामाचंच उदाहरण देई. एकदा म्हणाली, "शेतात धान होतं, कांडलं तं तांदूळ झाला, शिजवला तं भात. आता सांगा, यातलं खरं कोणतं? तसंच 'मी मी' म्हणतो ते. सकाळचं मी वेगळं, दुपारचं वेगळं. पकडून ठेवाल कोणाले?" बायका मान हलवत होत्या. दुर्गेश्वरीला वाटलं, उदाहरण चुकलं. कांडताना अंकुर निघून जातो, तांदूळ पेरला तर उगवत नाही. ती ते बोललीही. धनवंता हसली आणि म्हणाली, "हो ना. उगवत नाही, पण पोट भरते." सगळ्या हसल्या. दुर्गेश्वरी पुन्हा गेली नाही.

टीना आली आणि दोघी बोलत बसू लागल्या. टीना सांगे की एकटेपणा म्हणजे आसपास माणसं नसणं नव्हे. जेवढी जवळीक हवी आणि जेवढी आहे, त्या दोहोंतलं अंतर म्हणजे एकटेपणा. भुकेसारखाच तो, शरीराने दिलेली सूचना. धनवंता म्हणे, मग हवंच कमी केलं तं? त्यावर टीना वहीत काहीतरी लिहून घेई. एमएस्सी झालेल्या बाईला त्यात बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिला कोणी विचारलं नाही.

जूनमध्ये टीनाने गावातल्या पन्नाशीपुढच्या बायकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. वीस प्रश्न, गुण जितके जास्त तितका एकटेपणा जास्त. "आपलं कोणी ऐकून घेत नाही असं किती वेळा वाटतं?" अशा तऱ्हेचे, आणि पुढे कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. दुर्गेश्वरीने मदत म्हणून उत्तरांची बेरीज करायला घेतली. नावं नव्हती, क्रमांक होते, पण धनवंता खूण कशी करते ते तिला माहीत होतं, जाडी, उजवीकडे झुकलेली. धनवंताचे गुण गावात सगळ्यात कमी. दुर्गेश्वरीने स्वतःचे मोजले. पुन्हा मोजले. मग दुसऱ्या कागदावर उभे मांडून मोजले. सगळ्यात जास्त तिचेच होते. घरात नवरा, पुण्याला मुलगा रोज फोन करणारा, निवृत्तीला हार घालायला आलेले दीडशे विद्यार्थी. तिने तो कागद गठ्ठ्याच्या मधोमध घातला आणि टीनाला म्हणाली, "बेरीज बरोबर आहे."

आणि आता तिसरी टोपली.

धनवंताने कारणही सांगितलं होतं. टीनाची आई ती शाळेत असतानाच वारली, वडिलांनी दुसरं घर केलं. गोंदियाला ती भाड्याच्या खोलीत राहते. "तिले नाव घेऊन बोलावणारे लय हायेत," धनवंता म्हणाली. "नातं लावणारं कोणी नाही." दुर्गेश्वरी म्हणाली, भुजली बरोबरीच्या बाईशी लावतात, ती लेकीच्या वयाची आहे. धनवंता म्हणाली, "वय कोण पाहून राहिलं?"

पाण्याची पाळी नेहमीप्रमाणे दुर्गेश्वरीची. पहिले चार दिवस तिने तिन्ही टोपल्यांना सारखंच पाणी घातलं. रोज एक वाटी, तीनदा शिंपडून. पाचव्या दिवशी विजेरीच्या उजेडात तिने पाहिलं, टीनाच्या टोपलीतली रोपं इतर दोन्हींपेक्षा बोटभर उंच होती. बियाणं एकच, माती एकच. तरी उंच.

तिने ती टोपली उचलली, मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाशेजारी ठेवली आणि घड्याळात पाहिलं. सव्वाबारा. आभाळ थोडं मोकळं होतं. दोन तासांनी तिने टोपली परत कोठीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चुन्नीलाल दुकानातून पावतीपुस्तक न्यायला मागच्या दाराने आला. टोपली पाहून म्हणाला, "हिले हवा देऊन राहिली का?" ती म्हणाली, बुरशी धरत होती. तो पुस्तक घेऊन गेला.

अंधारात वाढलेल्या रोपाला उजेड दाखवला की काय होतं हे तिने तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. आपण काय करतो आहोत याबद्दल तिच्या मनात एक क्षणही शंका नव्हती. हिरवी भुजली कोणी कानाला लावत नाही. गावात ते अशुभ मानतात, नातं टिकत नाही म्हणतात. रोपं हिरवी झाली की यंदा टीनाची भुजली लागणार नाही, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, तोवर टीनाची बदली होईल. इतका साधा हिशेब होता. एक गोष्ट मात्र नवी होती. त्या तीन दुपारी टोपलीजवळ स्टुलावर बसून असताना तिला बऱ्याच महिन्यांनी एकटं वाटलं नाही. कुणाविरुद्ध काही करत असताना माणूस त्याच्या सोबतच असतो.

राखीच्या दिवशी दुपारी धनवंता टोपल्या पाहायला आली. दुर्गेश्वरीने कोठीचं दार उघडलं. दोन टोपल्या पिवळ्या. तिसरी कोवळी हिरवी, बांधावरच्या गवतासारखी.

धनवंता वाकून बघत राहिली. "हिले उजेड कसा लागला?"

"दाराच्या बाजूला होती. फट राहते तिथून येत असेल," दुर्गेश्वरी म्हणाली.

दाराला फट नव्हती. धनवंताने दाराकडे पाहिलंही नाही. "असंल," ती म्हणाली. "तुले शास्त्र येते." मग कंबरेवर हात ठेवून थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग असं कर भुजली, तुयी टोपली टीनाले देऊन टाक. आपली तं लागून अठ्ठेचाळीस वर्सं झाली, आपल्याले आता काय नवं लावायचं? पोरगी पहिल्यांदाच येऊन राहिली, तिच्या हाती हिरवी नोको."

आणि दुर्गेश्वरीची टोपली उचलून तिने बाजूला ठेवली. इतक्या सहज, की त्यात दुखवण्याचा हेतू शोधूनही सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास टोपल्या निघाल्या. तीस-पस्तीस बायका आणि पोरी, पुढे ढोलकी. टीना साडी नेसून आली होती, डोक्यावर दुर्गेश्वरीची टोपली, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. धनवंता तिच्या शेजारी. दुर्गेश्वरीने टोपली नेली नसती तरी चाललं असतं. पण रिकाम्या डोक्याने मागून चालायचं तिच्याने होईना, म्हणून तिने हिरवी टोपली डोक्यावर घेतली आणि मध्ये शिरली. शकुंतलाबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई, रब्बीचा गहू आत्ताच आणला का?" बायका हसल्या. तळ्यापर्यंत तोच विषय चालला. कुणी म्हणे चुन्नीलालच्या दुकानात आता रंगवलेलं बियाणंही मिळते.

घाटावर टोपल्या खाली ठेवल्या तेव्हा टीना जवळ आली. घामाने तिचं कुंकू ओघळलं होतं. तिने हिरव्या रोपांवरून हात फिरवला आणि खरोखर कुतूहलाने विचारलं, "मॅडम, सगळ्यांची पिवळी आणि ही एकच हिरवी कशी?"

दुर्गेश्वरीला फट म्हणता आलं असतं. कालच म्हणून झालं होतं. पण समोर एक शिकलेली मुलगी प्रश्न विचारत होती, भोवती बायका ऐकत उभ्या होत्या, आणि तीस वर्षांची सवय तोंडात होती.

"हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो," ती म्हणाली. "अंधारात त्याची आधीची पायरी तयार होऊन थांबते, म्हणून रोप पिवळं. उजेडात आणलं की काही तासांत हिरवं व्हायला लागतं. फटीतून येतो तेवढ्याने इतकं एकसारखं होत नाही. दुपारचे दोन तास, तीन दिवस, एवढं लागतं."

"पण उजेडात ठेवली कोणी?" टीनाने विचारलं.

"मी."

ढोलकी थांबली नव्हती, पण जवळच्या बायका थांबल्या. धनवंता पाण्यात एक पायरी उतरलेली होती. ती वळली. शांत बसायला शिकलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर राग कसा चढत गेला ते दुर्गेश्वरीने पाहिलं. कानापासून सुरू झाला आणि ओठांशी आला.

"दुर्गेश्वरी," धनवंता म्हणाली. "हे काऊन केलं?"

शकुंतलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. भुजलीचं नाव घेतलं होतं, तळ्याच्या काठी, भुजलीच्याच दिवशी. दुर्गेश्वरीला आधी कळलंच नाही की हाक तिला आहे. ते नाव हजेरीपटावरचं होतं, बँकेचं होतं, त्या तोंडातून ते तिने कधी ऐकलं नव्हतं.

उत्तर द्यायचं तर खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "मुन्नालालभाऊ गेले ते वर्ष मला परत पाहिजे होतं," ती म्हणाली. "तू रडत होतीस आणि मी येत होते. माझं त्याहून चांगलं वर्ष कधी गेलं नाही."

बोलल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. टीनाने हळूच म्हटलं, "मावशी, राहू द्या आज."

"काऊन राहू द्यायचं?" धनवंता म्हणाली. "यात तुयं काही नाही. ये इकडं."

दोघी पाण्यात उतरल्या. माती सोडली. धनवंताने पिवळी रोपं टीनाच्या कानावर खोवली, टीनाने तिच्या. दुर्गेश्वरी पाहत उभी राहिली. निघून जावंसं वाटत होतं, पण गेली नाही. धनवंता सोमवारी सांगत असे की मनात जे येते ते नुसतं पाहायचं, मंग ते जाते. दुर्गेश्वरी पाहत होती. जात नव्हतं. छातीच्या मधोमध होतं, गरम, आणि श्वासागणिक वाढत होतं. टीनाने "भुजली" म्हटलं तेव्हा तर आणखीच. ते गेलं नाही, एवढंच ती प्रामाणिकपणे सांगू शकली असती. मग तिने हिरवी टोपली उचलून, कोणाच्या कानाला काही न लावता, सगळी पाण्यात रिकामी केली.

घरी आल्यावर तिने चुन्नीलालला सगळं सांगितलं. हेही सांगितलं की बुरशी नव्हती. तो बराच वेळ वजनकाट्याची पारडी पुसत राहिला. मग म्हणाला, "त्या वर्षी मलेही वाटे, कोणी आपल्या घरी मेलं असतं तं बरं झालं असतं. तू घरी तं राहिली असती." त्याने हे हसून म्हटलं, पण पुसून झालेलं पारडं पुन्हा पुसायला घेतलं. तिने त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याकडे जरा लक्ष देऊन पाहिलं.

रविवारपर्यंत धनवंता आली नाही. दुर्गेश्वरीही गेली नाही. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता ती साडी बदलून निघाली. सतरंजी अंथरायच्या आधीच पोचली. धनवंता ओसरी झाडत होती. तिने झाडणं थांबवलं नाही.

"माफी मागायला आली का?" ती म्हणाली.

"हो. आणि बसायला."

धनवंताने कचरा सुपलीत भरला, बाहेर टाकून आली. "तुले एक सांगते," ती म्हणाली. "ते गेल्यावर तीन-चार महिन्यांनी मले रडू येणं थांबलं होतं. तू डबा घेऊन दारात दिसली की मी रडाले लागत होती. कॉलेजातून थकूनभागून येऊन राहिली, तिले रिकाम्या हाताने काऊन पाठवू, असं वाटे. लय थकून गेली होती मी त्यानं. शिबिराले गेली ते त्याच्यासाठीच गेली."

दुर्गेश्वरी पायरीवर बसली. या वाक्याचा अर्थ एका दमात लागण्यासारखा नव्हता. एवढं कळलं की त्या वर्षी ओसरीवर दोघी होत्या, आणि दोघी एकट्याच होत्या, आणि दोघींनीही ते एकमेकींपासून झाकलं होतं.

"सांगितलं का नाहीस?"

"तू किती खुश दिसत होती," धनवंता म्हणाली.

बायका येऊ लागल्या. शकुंतलाबाई आल्या, सुशिलाबाई आल्या, आणि दुर्गेश्वरीला पाहून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. टीनाची स्कूटी दारात थांबली. ती आत आली, "कशी आहे भुजली?" असं धनवंताला विचारलं आणि दुर्गेश्वरी दिसताच गडबडली. छातीत पुन्हा तेच आलं, त्याच जागी. दुर्गेश्वरीने ते ओळखलं. सतरंजी भरत चालली होती. ती मागच्या भिंतीशी जाऊन बसली, तरी टीनाला जागा उरली नाही.

"दुर्गेश्वरी," पुढून धनवंताचा आवाज आला, ना रागाचा ना लाडाचा, "जरा सरकून बस. पोरीले जागा दे."

ती सरकली. टीना तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. सगळ्यांनी डोळे मिटले. दुर्गेश्वरीने सगळ्यात शेवटी मिटले.